वकील अब्राहम लिंकन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिंकनविषयी येणारे प्रश्न बहुतेक दोन टोकांचे असतात. एक टोक ओंडक्यांच्या झोपडीतलं बालपण, दुसरं गुलामगिरीचा अंत. मधली जवळजवळ पंचवीस वर्षं, १८३६ ते १८६१, हा माणूस इलिनॉय राज्यात पोटासाठी वकिली करत होता. अध्यक्ष झाल्यावर त्यांनी घेतलेले काही निर्णय लोकांना आजही खटकतात. त्यामागचा वकील ओळखीचा झाला की ते निर्णय पटोत न पटोत, निदान कळतात. म्हणून इथली उत्तरं निवडणुकांपेक्षा कोर्टकचेरीत जास्त रेंगाळतात.

१. लिंकन नेमके कोण? आधी मुख्य तारखा सांगा.

जन्म १२ फेब्रुवारी १८०९, केंटकी राज्य. १८१६ मध्ये कुटुंब इंडियानात गेलं, १८३० मध्ये इलिनॉयमध्ये. आई नॅन्सी १८१८ मध्ये वारली. १८३१ पासून लिंकन न्यू सेलम या छोट्या वस्तीत एकटे राहू लागले. १८३४ ते १८४२ राज्य विधिमंडळाचे सदस्य, १८४७ ते १८४९ अमेरिकन काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहात एक मुदत, ४ मार्च १८६१ पासून अध्यक्ष. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री वॉशिंग्टनच्या फोर्ड नाट्यगृहात त्यांना गोळी लागली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं निधन झालं. वय ५६.

वकिलीची सनद सप्टेंबर १८३६ ची. स्प्रिंगफील्ड शहरात त्यांनी व्यवसाय मांडला तो एप्रिल १८३७ मध्ये. म्हणजे आमदारकी आधी आणि वकिली नंतर, हा क्रम अनेकांना उलटा वाटतो.

२. शाळेत जेमतेम गेलेला माणूस वकील कसा झाला? परीक्षा नव्हती का?

त्यांचं सगळं शालेय शिक्षण एकत्र केलं तर एक वर्षही भरत नाही, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. पण त्या काळी इलिनॉयमध्ये वकील होण्यासाठी कॉलेजची पदवी लागत नव्हती. बहुतेक जण जुन्या वकिलाच्या कचेरीत उमेदवारी करत. लिंकननी तीही केली नाही. विधिमंडळातले सहकारी जॉन टॉड स्टुअर्ट यांनी आपली कायद्याची पुस्तकं त्यांना वाचायला दिली. ती आणण्यासाठी न्यू सेलमहून स्प्रिंगफील्डला खेपा घालायच्या आणि पोस्टमास्तरकी व जमीनमोजणीची कामं सांभाळून वाचायचं, असा तो अभ्यास होता.

सनदेची पद्धत तीन टप्प्यांची होती. पहिला, काउंटीच्या (राज्यातल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) कोर्टाकडून सच्चारित्र्याचा दाखला. तो लिंकनना २४ मार्च १८३६ रोजी मिळाला. दुसरा, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या सहीची सनद, ९ सप्टेंबर १८३६. तिसरा, शपथ घेऊन न्यायालयाच्या वकिलांच्या पटावर नाव चढवणं, १ मार्च १८३७. वेगवेगळ्या पुस्तकांत त्यांच्या वकील होण्याच्या वेगवेगळ्या तारखा दिसतात त्या यामुळे. तिन्ही बरोबर आहेत, टप्पे निराळे आहेत.

३. मी कायद्याचा विद्यार्थी आहे. त्यांनी कोणती पुस्तकं वाचली?

सप्टेंबर १८६० मध्ये एका तरुणानं हाच प्रश्न त्यांना पत्रानं विचारला होता. उत्तरात त्यांनी दिलेली यादी लहान आहे. आधी ब्लॅकस्टोनची इंग्लिश कायद्यावरची भाष्यं, काळजीपूर्वक, एकदा संपवून पुन्हा. मग चिटीचं फिर्यादी-कैफियतींवरचं पुस्तक, ग्रीनलीफचं पुराव्यावरचं आणि स्टोरीची इक्विटीवरची (ठरीव कायदा अपुरा पडतो तिथे न्याय्यतेनं निवाडा करण्याच्या नियमांवरची) पुस्तकं. शेवटी सल्ला: काम, काम आणि काम, तेच मुख्य.

यादीचा क्रम पाहण्यासारखा आहे. तत्त्व सांगणारं पुस्तक एक, आणि लगेच दावा कसा लिहायचा आणि तो सिद्ध कसा करायचा यांवरची. का, ते प्रश्न ५ मध्ये कळेल.

४. त्यांचे भागीदार कोण होते?

तीन. पहिले स्टुअर्ट, १८३७ ते १८४१. ते काँग्रेसवर निवडून गेले आणि नवशिक्या लिंकनच्या गळ्यात सगळी कचेरी पडली. दुसरे स्टीफन लोगन, १८४१ ते १८४४. लोगन शिस्तीचे आणि कागदाला पक्के. कोर्टात हजरजबाबीपणावर निभावून नेण्याची लिंकनची सवय त्यांनी मोडली आणि दाव्याची दोन्ही बाजूंनी तयारी करायला शिकवलं. आमच्या मते लिंकनच्या वकिलीला खरं वळण या तीन वर्षांत लागलं, आणि लोगनचं नाव मराठीत फारसं कुणी घेत नाही याची हळहळ वाटते.

तिसरे विल्यम हर्नडन, लिंकनहून नऊ वर्षांनी लहान. ही भागीदारी १८४४ पासून लिंकनच्या मृत्यूपर्यंत कागदोपत्री चालू होती. मिळकत निम्मी-निम्मी. कचेरीचा पसारा मात्र दोघांनाही आवरत नसे. लिंकन पत्रं आपल्या उंच टोपीत ठेवत. १८५० मध्ये एका वकिलाला उत्तर द्यायला उशीर झाला, तेव्हा त्यांनी कारण लिहून कळवलं ते असं: पत्र जुन्या टोपीत ठेवलं होतं, दुसऱ्याच दिवशी नवी टोपी घेतली, जुनी बाजूला पडली आणि पत्र नजरेआड झालं.

५. तेव्हा एखादा दावा प्रत्यक्षात कसा चालायचा?

समजा, कुणी उधारी बुडवली. सावकार वकिलाकडे येई. वकील कोर्टाच्या क्लार्कला एक छोटा अर्ज लिहून देई: अमुक माणसाविरुद्ध अमुक प्रकारच्या दाव्यात समन्स काढा. क्लार्क समन्स काढे, शेरीफ (काउंटीचा पोलीस अधिकारी) ते बजावे. मग वकील सविस्तर फिर्याद दाखल करी, प्रतिवादी कैफियत देई, आणि कोर्टाचं सत्र भरलं की बारा जणांच्या ज्युरीपुढे किंवा नुसत्या न्यायाधीशापुढे सुनावणी होई. प्रतिवादी आलाच नाही तर एकतर्फी निकाल. निकालानंतर पैसे मिळाले नाहीत तर शेरीफ मालमत्ता जप्त करून लिलावात काढी. यातला प्रत्येक कागद हातानं लिहिलेला असे.

चुकायचं कुठे? दाव्याच्या प्रकारात. करारभंग, ठरलेल्या रकमेचं कर्ज, अतिक्रमण, हिरावलेली वस्तू परत मिळवणं, जमिनीचा ताबा, अशा प्रत्येकाचा साचा आणि शब्द ठरलेले. तक्रार खरी असूनही साचा चुकीचा निवडला तर दावा तिथेच अडके. शब्दाला शब्द जुळवून लिहिण्याची ही तालीम लिंकनना वीस-बावीस वर्षं मिळाली. त्यांच्या पुढच्या भाषणांची आखीव वाक्यं अनेकांना आवडतात. ती घडली ती या कागदांवर.

६. ‘सर्किटवर जाणं’ म्हणजे काय?

प्रत्येक काउंटीच्या गावी कायमचा न्यायाधीश ठेवण्याइतकं कामच नसायचं. म्हणून न्यायाधीश वसंतात आणि शरदात गावोगाव फिरे आणि प्रत्येक ठिकाणी काही दिवस कोर्ट भरवी. वकील त्याच्याबरोबर घोड्यावर किंवा बग्गीतून जात. लिंकनचं आठवं सर्किट एका टप्प्यावर १४ काउंट्यांचं होतं आणि पूर्ण फेरा चारशे मैलांहून मोठा. रस्ते चिखलाचे, नद्यांवर पूल कमी, खाणावळीत एका पलंगावर दोघं.

बाकीचे वकील आपल्या गावाजवळच्या दोन-चार काउंट्या करून परतत. लिंकन सहसा पूर्ण फेरा करत. गावात पोचले की अशील तिथेच गाठत, आणि पहिल्यांदा पाहिलेला दावा काही तासांत उभा करावा लागे. १८४८ पासून न्यायाधीश होते डेव्हिड डेव्हिस, तीनशे पौंडांहून जास्त वजनाचे आणि लिंकनचे निष्ठावान मित्र. कधी डेव्हिसना जाणं शक्य नसलं की ते लिंकनना आपल्या खुर्चीत बसवत, त्यामुळे ‘लिंकन कधी न्यायाधीश होते का’ या प्रश्नाचं उत्तर ‘बदली म्हणून, हो’ असं आहे. मेटामोरा आणि माउंट पुलास्की इथल्या त्या काळच्या कोर्टाच्या इमारती आजही उभ्या आहेत.

या फिरतीचा राजकीय फायदा मोठा. मध्य इलिनॉयमधला प्रत्येक क्लार्क, संपादक आणि खाणावळवाला त्यांना नावानं ओळखू लागला.

७. त्यांनी किती खटले चालवले? बहुतेक खुनाचे होते का?

पाच हजारांहून अधिक प्रकरणांत त्यांचा किंवा त्यांच्या भागीदारांचा सहभाग कागदांवर सापडतो. त्यांतली चारशेहून अधिक राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातली. खुनाची प्रकरणं मोजकीच. निम्म्याहून अधिक कामं देण्याघेण्याची.

याचं कारण त्या प्रदेशात होतं. रोख पैसा दुर्मीळ, म्हणून लोक वचनचिठ्ठ्यांवर व्यवहार करत. अ नं ब ला चिठ्ठी द्यायची, ब नं पाठीमागे सही करून ती क ला द्यायची. एक माणूस बुडाला की साखळीतले सगळे कोर्टात. लिंकन कधी सावकाराचे वकील, कधी ऋणकोचे.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात त्यांनी १८४९ मध्ये युक्तिवाद केला तो मुदतीच्या कायद्याच्या (दावा किती वर्षांच्या आत लावायचा ते ठरवणाऱ्या) एका मुद्द्यावर. ते हरले.

आकडा अचूक का सांगता येत नाही? शिकागोच्या फेडरल कोर्टाचं दप्तर १८७१ च्या आगीत जळलं. शिवाय काउंटीच्या दप्तरांतून हौशी लोकांनी लिंकनच्या सह्या कात्रीनं कापून नेल्या. काही फिर्यादींच्या तळाशी आज नुसतं भोक आहे.

८. फी किती घेत? गरिबांचे खटले फुकट चालवत असं ऐकलंय.

साधारण दाव्याला पाच ते वीस डॉलर. काही प्रकरणं त्यांनी फुकट केली (प्रश्न ९ मधलं त्यांपैकीच), पण ते धर्मादाय वकील नव्हते. वकिलीवरच्या टिपणात त्यांनी लिहिलंय की फी पूर्ण आगाऊ घेऊ नये, थोडा विसार घ्यावा. सगळे पैसे आधीच हातात आले की कामातला रस उडतो आणि काम निष्काळजीपणे होतं, असं कारण दिलंय.

सर्वात मोठी फी इलिनॉय सेंट्रल रेल्वेची. या कंपनीला राज्यानं सनद देताना स्थानिक करांतून सूट दिली होती, त्याबदली कंपनी राज्याला उत्पन्नाचा वाटा देणार होती. मॅक्लीन काउंटीनं तरीही कर लावला. काउंट्यांच्या बाजूनं लिंकनशी आधी बोलणं झालं होतं, म्हणून १८५३ मध्ये त्यांनी एका काउंटीच्या क्लार्कला पत्र लिहून विचारलं की तुम्ही मला नेमणार आहात का, नसाल तर मी कंपनीचं काम घ्यायला मोकळा आहे. हितसंबंधांचा गुंता आधीच सोडवण्याचा हा नमुना आजच्या वकिलांनीही वाचावा असा आहे. मग ते कंपनीकडून उभे राहिले आणि १८५६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकले.

बिल दिलं ५,००० डॉलरचं. राज्याच्या राज्यपालाचा वर्षाचा पगार तेव्हा १,५०० होता. कंपनीनं पैसे अडवले, लिंकननी १८५७ मध्ये आपल्याच अशिलावर दावा लावला आणि आधी मिळालेले २०० वजा जाऊन ४,८०० डॉलरचा निकाल मिळवला. निम्मे हर्नडनना दिले. त्यानंतरही कंपनी त्यांना कामं देत राहिली.

९. पंचांग दाखवून खुनाचा खटला जिंकला, ही गोष्ट खरी का? पंचांग बनावट होतं म्हणतात.

गोष्ट खरी, बनावटीचा आरोप खोटा. ऑगस्ट १८५७ मध्ये रात्रीच्या मारामारीत जेम्स मेट्झकर नावाचा माणूस जबर जखमी होऊन पुढे मेला. आरोपी दोघं: जेम्स नॉरिस आणि विल्यम ऊर्फ डफ आर्मस्ट्राँग. नॉरिसला वेगळ्या खटल्यात आठ वर्षांची शिक्षा झाली. डफ हा लिंकनच्या न्यू सेलमच्या दिवसांतल्या मित्राचा मुलगा. त्याची विधवा आई हॅना हिच्यासाठी लिंकननी फी न घेता खटला घेतला. बीअर्ड्सटाउन इथे ७ मे १८५८ रोजी सुनावणी झाली.

मुख्य साक्षीदार चार्ल्स ॲलननं सांगितलं की रात्री अकराच्या सुमारास, सुमारे दीडशे फुटांवरून, चंद्राच्या लख्ख प्रकाशात डफला वार करताना पाहिलं. लिंकननी उलटतपासणीत त्याच्याकडून चंद्र वर होता, उजेड भरपूर होता हे पुन्हा पुन्हा वदवून घेतलं. घाई केली नाही. मग १८५७ चं पंचांग मागवलं. त्यानुसार चंद्र त्या वेळी क्षितिजाकडे झुकलेला होता. नंतरच्या काळात खगोलगणितानं तपासलं तेव्हाही त्या रात्रीचा चंद्रास्त मध्यरात्रीनंतर लगेच येतो. पंचांग बरोबर होतं.

मात्र सुटका फक्त पंचांगावर झाली नाही. डोक्याच्या मागची जखम नॉरिसच्या फटक्यानंही जीवघेणी ठरू शकते, अशी डॉक्टरांची साक्ष होती. आणि ज्या हत्यारानं डफनं वार केला म्हणत, ते आपलं असल्याचं दुसऱ्याच साक्षीदारानं सांगितलं. चंद्रामुळे साक्षीदारावरचा विश्वास उडाला, वैद्यकीय साक्षीमुळे ज्युरीला निर्दोष म्हणण्याचं कारण सापडलं. दोन्ही लागतात.

१०. वकील म्हणून त्यांनी गुलामांची बाजू घेतली का?

घेतली, आणि एकदा उलट बाजूही घेतली. ती प्रश्न ११ मध्ये.

इलिनॉय कागदावर मुक्त राज्य होतं, पण ‘करारबद्ध नोकर’ या नावाखाली काळ्या माणसांना बांधून ठेवण्याची पळवाट होती. नॅन्स या काळ्या स्त्रीच्या बदल्यात डेव्हिड बेली यांनी नेथन क्रॉमवेलला वचनचिठ्ठी दिली. ती कायदेशीर नोकर असल्याचे कागद क्रॉमवेल देणार होता. ते आलेच नाहीत, क्रॉमवेल मेला, आणि त्याच्या इस्टेटीनं चिठ्ठीचे पैसे मागितले. खालच्या कोर्टात बेली हरले. लिंकननी अपील चालवलं आणि जुलै १८४१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं: रंग कोणताही असो, या राज्यात प्रत्येक माणूस मुक्त आहे असंच कायद्याचं गृहीत आहे. मुक्त माणसाची विक्री बेकायदा, म्हणून चिठ्ठीही रद्द.

वरवर हा पैशाचा दावा होता. नॅन्स पक्षकारही नव्हती. तरीही पुरावा देण्याचं ओझं मालकावर टाकणारा हा निकाल महत्त्वाचा ठरला. त्याआधी नॅन्स स्वतः आपल्या सुटकेसाठी कोर्टात लढली होती, हे विसरू नये.

११. मग मॅट्सन खटल्यात ते गुलामाच्या मालकाकडून का उभे राहिले?

हा प्रश्न टाळू नये. रॉबर्ट मॅट्सन हा केंटकीचा मालक दर हंगामात गुलाम इलिनॉयच्या शेतावर आणी आणि परत नेई. मुकादम अँथनी ब्रायंट मुक्त होता, पण त्याची बायको जेन आणि मुलं गुलाम. आपल्याला दूर विकतील या भीतीनं त्यांनी आसरा शोधला. मॅट्सननं त्यांना पळालेले गुलाम म्हणून तुरुंगात टाकवलं. ऑक्टोबर १८४७ मध्ये चार्ल्सटन गावच्या कोर्टात लिंकन मॅट्सनच्या बाजूनं उभे होते. मुद्दा असा मांडला की ही माणसं कायम राहायला आणलेली नव्हती, हंगामापुरती होती. कोर्टानं तो नाकारला. जेन आणि मुलं मुक्त झाली.

समर्थनासाठी दोन गोष्टी सांगितल्या जातात. त्या काळी वकील आलेलं काम सहसा नाकारत नसत, आणि लिंकननी युक्तिवाद मुद्दाम लंगडा केला. पहिली खरी आहे पण पुरेशी नाही. दुसरीला पुरावा नाही. दहा वर्षांपूर्वी, मार्च १८३७ मध्ये, गुलामगिरी अन्यायावर उभी आहे असं त्यांनी विधिमंडळात लेखी नोंदवलं होतं. तरी त्यांनी हे काम घेतलं. ते हरले ही जेन ब्रायंटच्या लेकरांच्या नशिबाची गोष्ट.

१२. रेल्वेच्या पुलाचा खटला काय होता?

मिसिसिपी नदीवरचा पहिला रेल्वेपूल रॉक आयलंड इथे १८५६ मध्ये सुरू झाला आणि काही दिवसांतच, ६ मे रोजी, ‘एफी आफ्टन’ ही आगबोट त्याच्या खांबावर आदळून जळाली. बोटमालकांनी पूल म्हणजे जलमार्गातला अडथळा म्हणून भरपाई मागितली. सप्टेंबर १८५७ मध्ये शिकागोत लिंकननी पुलाच्या कंपनीकडून प्रवाहाचा वेग, खांबांचे कोन आणि बोटीच्या उजव्या चाकाचा बिघाड यांवर ज्युरीला तपशीलवार समजावलं. नदीतून वर-खाली जाण्याचा जसा हक्क, तसाच नदी ओलांडण्याचाही, हा त्यांचा मुद्दा. ज्युरीत एकमत झालं नाही. पूल राहिला, म्हणजे कंपनीचं काम झालं.

जाता जाता: लिंकनच्या नावावर पेटंटही आहे, क्रमांक ६४६९, २२ मे १८४९. उथळ पाण्यात अडकलेली बोट हवेच्या पिशव्यांनी उचलण्याची युक्ती. ती कधी प्रत्यक्ष वापरात आली नाही.

१३. ‘लिंकन आयुष्यभर हरले आणि शेवटी अध्यक्ष झाले’, ही अपयशांची यादी खरी आहे का?

यादीतल्या बऱ्याच नोंदी खऱ्या, चित्र खोटं. १८३२ ची विधिमंडळाची निवडणूक ते हरले, पण त्यांच्या स्वतःच्या न्यू सेलम मतकेंद्रात ३०० पैकी २७७ मतं त्यांना होती. यादीत सहसा गाळलेल्या गोष्टी: १८३४, १८३६, १८३८ आणि १८४० असे सलग चार विजय, १८४६ मध्ये काँग्रेसची निवडणूक जिंकणं, आणि १८५४ मध्ये पुन्हा आमदारकी जिंकून ती सोडणं. सोडली कारण इलिनॉयच्या घटनेनुसार आमदाराला सिनेटवर, म्हणजे अमेरिकन काँग्रेसच्या वरिष्ठ सभागृहावर, निवडून जाता येत नव्हतं.

न्यू सेलममधलं त्यांचं दुकान बुडालं हे खरं. दुकानातला भागीदार विल्यम बेरी १८३५ मध्ये वारला आणि त्याचंही कर्ज लिंकनवर आलं. ते त्यांनी अनेक वर्षं फेडलं. १८५६ चं ‘उपाध्यक्षपदाचं अपयश’ तर अपयश म्हणणंच कठीण: ते पक्षाच्या अधिवेशनात हजरही नव्हते आणि तरी ११० मतं पडली.

१४. १८५८ मध्ये सिनेटच्या जागेसाठी लिंकनऐवजी डग्लसना जनतेनं निवडलं ना? मग लिंकनच्या पक्षाला जास्त मतं होती असं का म्हणतात?

तेव्हा सिनेटर थेट मतानं निवडले जात नव्हते. राज्याचं विधिमंडळ त्यांना निवडे. ही पद्धत १९१३ च्या सतराव्या घटनादुरुस्तीनं बदलली. त्यामुळे लिंकन आणि स्टीफन डग्लस सात गावांत वादविवाद करत फिरले, ऑगस्टच्या २१ ला ओटावापासून ऑक्टोबरच्या १५ ला ऑल्टनपर्यंत, पण मतपत्रिकेवर नावं होती स्थानिक उमेदवारांची. लिंकनच्या रिपब्लिकन पक्षाच्या उमेदवारांना एकूण मतं थोडी जास्त पडली. मतदारसंघांची आखणी जुनी होती आणि राज्य सिनेटमधल्या काही जागा त्या वर्षी निवडणुकीलाच नव्हत्या. विधिमंडळात डग्लस ५४ विरुद्ध ४६ नं जिंकले.

१५. चार्ल्सटनच्या वादविवादात त्यांनी समानतेविरुद्ध बोललं, हे खरं?

खरं. १८ सप्टेंबर १८५८ रोजी त्यांनी सांगितलं की काळ्या आणि गोऱ्यांची सामाजिक व राजकीय समानता आपल्याला अभिप्रेत नाही. मतदान, ज्युरी आणि आंतरवंशीय विवाह यांनाही नकार दिला. त्याच मोहिमेत ओटावाला त्यांनी म्हटलं होतं की स्वतःच्या कष्टाची भाकरी खाण्याच्या हक्कात काळा माणूस कुणाही गोऱ्याच्या बरोबरीचा आहे. दोन्ही वाक्यं एकाच माणसाची. मतांसाठी बोलले म्हणून चार्ल्सटनचं वाक्य पुसता येत नाही. ते बदलत गेले, हेही तितकंच खरं: ११ एप्रिल १८६५ च्या शेवटच्या जाहीर भाषणात त्यांनी बुद्धिमान काळ्या पुरुषांना आणि काळ्या सैनिकांना मताधिकार मिळावा असं म्हटलं.

१६. गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्यानं सगळे गुलाम का मुक्त झाले नाहीत?

इथे वकील लिंकन सर्वात स्पष्ट दिसतात. राज्यघटनेनुसार राज्यांतर्गत गुलामगिरीवर अध्यक्षाचा अधिकार नव्हता. अधिकार होता तो युद्धकाळातला सेनापती म्हणून, शत्रूची ताकद तोडण्यापुरता. म्हणून १ जानेवारी १८६३ चा जाहीरनामा फक्त संघराज्यातून फुटलेल्या दक्षिणेच्या बंडखोर प्रदेशाला लागू झाला. संघराज्यात राहिलेली डेलावेअर, मेरिलँड, केंटकी आणि मिसूरी ही गुलामगिरीची राज्यं वगळली. टेनेसी, लुईझियानाचा काही भाग आणि व्हर्जिनियाच्या काही काउंट्याही वगळल्या. मजकूर एखाद्या खरेदीखतासारखा कोरडा आहे, काउंट्यांची नावं मोजत जाणारा. कोर्टात टिकावा म्हणून तो तसा लिहिला.

पण युद्ध संपल्यावर युद्धकालीन अधिकाराचं काय, ही शंका उरतच होती. उपाय एकच, घटनादुरुस्ती. तेरावी दुरुस्ती सिनेटमध्ये ८ एप्रिल १८६४ ला मंजूर झाली, कनिष्ठ सभागृहात आधी पडली, आणि ३१ जानेवारी १८६५ ला ११९ विरुद्ध ५६ नं मंजूर झाली. राज्यांची संमती ६ डिसेंबर १८६५ ला पुरी झाली, तेव्हा लिंकन हयात नव्हते.

१७. कायद्याचा माणूस असून त्यांनी हेबियस कॉर्पस (अटकेचं कारण कोर्टापुढे दाखवायला लावण्याचा हक्क) का स्थगित केलं?

आधी स्थगित केलं ते २७ एप्रिल १८६१ ला, यादवी युद्धाच्या सुरुवातीला वॉशिंग्टनकडे येणारी रेल्वे तोडली जात असताना, फिलाडेल्फिया-वॉशिंग्टन मार्गापुरतं. घटना म्हणते की बंड किंवा आक्रमणात हा हक्क स्थगित करता येतो. कुणी करायचा, ते सांगत नाही. कलम मात्र काँग्रेसच्या अधिकारांच्या भागात आहे, म्हणून सरन्यायाधीश टेनी यांनी मेरीमन या अटक झालेल्या नागरिकाच्या प्रकरणात अध्यक्षाला हा अधिकार नाही असं म्हटलं. लिंकनचं उत्तर होतं: एक कायदा मोडू नये म्हणून बाकीचे सगळे धुळीला मिळू द्यायचे का? काँग्रेसनं ३ मार्च १८६३ ला कायदा करून अधिकार दिला.

पुढे व्याप्ती वाढली आणि नागरिक लष्करी न्यायासनांपुढे उभे केले गेले. १८६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं, नेहमीची नागरी कोर्टं चालू असताना हे बेकायदा, असा निकाल दिला. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती प्रश्न ६ मधले डेव्हिड डेव्हिस, लिंकननीच नेमलेले.

१८. मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेलं प्रसिद्ध पत्र कुठे पाहायला मिळेल?

मूळ पत्र नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांच्या भिंतींवर मराठी तर्जुमा लागलेला आहे, पण लिंकनच्या हस्ताक्षरात किंवा त्यांच्या संकलित लेखनात असं पत्र सापडत नाही, आणि भाषाही त्यांच्या काळाची नाही. मजकूर आवडत असेल तर खुशाल लावावा. खाली लिंकनचं नाव घालू नये, एवढीच कळकळीची विनंती.

‘वकिलाचा वेळ आणि सल्ला हेच त्याचं भांडवल’ हे कचेऱ्यांतलं फलकवाक्यही त्यांचं असल्याचा पुरावा नाही. खरं हवं असेल तर प्रश्न ८ मधल्याच टिपणातलं घ्या: खटलेबाजीला उत्तेजन देऊ नका, शेजाऱ्यांना तडजोडीला राजी करा, आणि प्रामाणिक वकील होणं जमणार नसेल तर वकिली सोडून प्रामाणिक राहा.

१९. महात्मा फुल्यांचा लिंकनशी काही संबंध होता का?

थेट नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला तो अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी त्यांनी दाखवलेल्या त्यागाबद्दल. लिंकन एकट्याला नव्हे. हा फरक आम्हाला मोलाचा वाटतो, कारण त्यात नॅन्स आणि जेन ब्रायंटसाठी उभे राहणारे लोकही येतात.

दुसरा धागा कापसाचा. युद्धात दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले आणि मुंबईतला शेअरांचा फुगा फुटला.

२०. इतक्या मोठ्या वकिलानं स्वतःचं मृत्युपत्र केलं होतं का?

नाही. दुसऱ्यांच्या इस्टेटीचे दावे वर्षानुवर्षं चालवलेला हा वकील मृत्युपत्र न करता गेला. मुलगा रॉबर्टनं डेव्हिड डेव्हिसना बोलावलं आणि त्यांनी प्रशासक म्हणून इस्टेट सांभाळली. मोबदला घेतला नाही. मालमत्तेत बहुतांश सरकारी रोखे होते, आणि अध्यक्षपदाच्या पगाराचे काही आदेश न वटवता पडून होते. सगळं मिळून सुमारे १ लाख १० हजार डॉलर भरले आणि पत्नी मेरी, रॉबर्ट आणि धाकटा टॅड यांच्यात समान तीन वाटे झाले. स्प्रिंगफील्डचं आठव्या रस्त्यावरचं घर, जे १८४४ मध्ये १,२०० डॉलर रोख आणि एक भूखंड देऊन घेतलं होतं, ते कुटुंबाकडेच राहिलं.